गव्हाणीतला थर्माकोल



आगमनकाळ आला की आपल्या तरुणांची गव्हाणीसाठी धावपळ सुरू होते. डोंगर, गोठा, तारा, देवदूतांचे पंख हे सारे वर्षानुवर्षे थर्माकोलचे होत आले. स्वस्त, हलका, ब्लेडने पटकन कापला जाणारा! बाळ येशूला मात्र गवताचीच गादी मिळाली होती.

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने थर्माकोलच्या ताटवाट्या, पेले आणि सजावटीचे साहित्य यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड. १ जुलै २०२२ पासून केंद्राचीही बंदी आहे. पण दंडाच्या भीतीने पाळलेला नियम पावती फाडणारा दिसेनासा झाला की संपतो, म्हणून थोडे मुळाशी जाऊ या.

थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन. १८३९ साली बर्लिनच्या एदुआर्द सिमोन नावाच्या औषधविक्रेत्याने स्टोरॅक्स या झाडाच्या सुगंधी राळेतून एक तेलकट द्रव काढला. काही दिवसांनी तो आपोआप घट्ट झाला. निर्गम ग्रंथाच्या ३०व्या अध्यायात पवित्र धूपासाठी जी द्रव्ये सांगितली आहेत, त्यांतले पहिले म्हणजे हीच राळ असावी, असे काही अभ्यासक मानतात. वेदीवरच्या धुपापासून उकिरड्यापर्यंतचा हा प्रवास! आज ही वस्तू खनिज तेलापासून बनते. तिचे बारीक दाणे वाफेवर फुगवतात. तयार थर्माकोलमध्ये सुमारे ९८ टक्के हवा आणि २ टक्के प्लास्टिक असते.

खरी अडचण या हवेतच आहे. भंगार किलोवर विकले जाते. टेम्पोभर थर्माकोल नेला तरी वजन भरत नाही, डिझेलचा खर्चही सुटत नाही. म्हणून भंगारवाला तो घेत नाही. यंत्रात दाबून किंवा वितळवून त्याची हवा काढली, तर त्याचे पुन्हा दाणे होतात, फोटोफ्रेमच्या पट्ट्या होतात. पण त्यासाठी तो स्वच्छ आणि कोरडा हवा. रस्सा लागलेली ताटली तिथे चालत नाही.

अॅरिस्टॉटलने प्रत्येक वस्तूचे प्रयोजन विचारायला शिकवले. चहाच्या पेल्याचे प्रयोजन पाच मिनिटांत संपते. त्याचे द्रव्य आपल्या नातवंडांनंतरही उरते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात फेकून देण्याच्या ज्या संस्कृतीवर बोट ठेवले, ती हीच.

आपल्या एकलहऱ्यात ही गोष्ट लवकर समजावी. औष्णिक वीज केंद्राची राख आपण वर्षानुवर्षे पाहत आलो. वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी तीच राख सिमेंटमध्ये आणि विटांमध्ये जाते. राखेला वजन आहे, गिऱ्हाईक आहे. थर्माकोलला दोन्ही नाही. त्याला फक्त आपली काळजी वाचवू शकते.

योहानाच्या शुभवर्तमानात पाच हजारांचे जेवण झाल्यावर प्रभू शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला सांगतो. भाकरी पुरवणाऱ्याला तुकड्यांची काय गरज? तरीही बारा टोपल्या भरल्या. चमत्कारावर आपण पुष्कळ बोलतो, टोपल्या उचलणाऱ्यांवर कमी.

आणखी एक. डिसेंबरच्या थंडीत शेकोटीत थर्माकोल टाकू नका. तो काळा धूर विषारी असतो, आणि विस्तवाच्या सर्वांत जवळ लहान मुले बसलेली असतात.

यंदाची गव्हाणी बांबू, गोणपाट आणि पेंढ्याची होईल. नाताळच्या जेवणाला पत्रावळी व द्रोण असतील. वाढप्यांनी रस्सा बेताने वाढावा! टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांतला थर्माकोल बंदीच्या यादीत नाही, पण तो गोदावरीत किंवा नाल्यात जाऊ नये. तो कोरडा ठेवून रविवारी मिस्सेला येताना आणा. मागच्या पडवीत गोण्या बांधल्या आहेत. जुन्या गव्हाणीचा डोंगरही तिथेच येईल. पुरेसा साठला की एकाच फेरीत प्रक्रिया करणाऱ्याकडे पोहोचवू. टेम्पो कोणाकडे असेल तर मिस्सेनंतर भेटा.

आपला,
धर्मगुरू