क्षितिजरेषा

सोलापूरपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटरच्या पलीकडे. तरी इथल्या चित्रप्रदर्शनांत एखादी होडी किनाऱ्याला लागलेली दिसतेच, आणि तिच्यासमोर माणसं रेंगाळतात. दुष्काळ पाहिलेल्या डोळ्यांना पाण्याची ओढ असणारच. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी जिथे तळं खोदवलं, १८७१ मध्ये जिथे एकरुखचा, म्हणजे आपल्या हिप्परग्याचा तलाव बांधून झाला, त्या गावाची ही ओढ जुनीच आहे.

पण समुद्र रंगवणारा आणि सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ रंगवणारा, दोघांपुढचं कोडं एकच असतं. नजरेला अडवणारं काहीच नाही. एक आडवी रेषा आणि वर अफाट आभाळ. ती रेषा कागदावर कुठे धरायची, यातच निम्मं चित्र ठरून जातं. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांचा मुलूखही असाच सपाट. याकोब व्हान रॉइसडालने हार्लेमची दृश्यं रंगवताना क्षितिज खाली उतरवलं आणि अर्ध्याहून जास्त जागा ढगांना दिली. खवळलेला समुद्रही त्यानेच रंगवला.

जलरंगात मात्र आपली हवा आडवी येते. कोकणच्या दमट हवेत कागद बराच वेळ ओला राहतो, रंग सावकाश एकमेकांत उतरतात. सोलापूरच्या एप्रिलमध्ये वॉश पुरा होईतो कागद वाळतो आणि रंगाच्या कडा उमटतात. त्या कडा लपवत न बसता त्यांतूनच इथलं ऊन दाखवणारा चित्रकार मला फार मोलाचा वाटतो.

जवळचंच न्याहाळणारे असे एक चित्रकार म्हणजे आबालाल रहिमान. ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि कोल्हापुरात परतले. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा. जवळचंच पाणी त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवलं. प्रहर बदलला, ऋतू बदलला की त्यांना नवं चित्र दिसे.

तशीच आपल्या कंबर तलावाकाठची संध्याकाळ, ज्वारी काढल्यावरची काळी रानं, उजनी धरणाचं पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा भेगाळलेला गाळ, हे सारं कलादालनाच्या भिंतीवर त्या होड्यांच्या शेजारी लागायला हवं. आणि आपणही "हे कुठलं?" एवढंच विचारून पुढे सरकू नये. चित्रकार तिथेच उभा असतो, त्याच्याशी बोलावं. जमेल तेव्हा एखादं लहानसं चित्र विकत घ्यावं. चांगला कागद आणि चांगले रंग स्वस्त नसतात.