झाशीच्या राणीचा पुढचा चित्रपट

जुलै २०२५ मध्ये जेम्स गन यांचा 'सुपरमॅन' जगभर प्रदर्शित झाला. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँडमधल्या दोन तरुणांनी घडवलेला हा नायक १९३८ साली पहिल्यांदा छापून आला. त्याचे हक्क त्यांनी अवघ्या १३० डॉलरला विकले होते. १९७८ मध्ये रिचर्ड डॉनर आणि २०१३ मध्ये झॅक स्नायडर यांनी त्याला मोठ्या पडद्यावर नव्याने उभं केलं होतं. गन यांनी मात्र या वेळी एक महत्त्वाची गोष्ट गाळली. नष्ट होणारा ग्रह, अवकाशातून आलेलं बाळ, त्याला सांभाळणारं शेतकरी जोडपं ही उगमकथा त्यांनी पुन्हा सांगितली नाही. ती सर्वांना ठाऊक आहे असं गृहीत धरून त्यांचा चित्रपट नायकाच्या चालू आयुष्यातच सुरू होतो. सांगून झालेलं सोडून द्यायचं आणि राहून गेलेल्याकडे वळायचं, हे धाडस मला मोलाचं वाटतं. आपल्याकडे पुन्हा पुन्हा पडद्यावर आणल्या गेलेल्या एका व्यक्तीच्या वाट्याला ते अजून आलेलं नाही. ती व्यक्ती म्हणजे झाशीची राणी लक्ष्मीबाई.

सोहराब मोदींनी १९५३ मध्ये 'झांसी की रानी' काढला. भारतातला तो पहिला टेक्निकलर चित्रपट. त्याच्या चित्रीकरणासाठी 'गॉन विथ द विंड'चे छायाचित्रकार अर्नेस्ट हॅलर यांना आणलं होतं आणि राणीची भूमिका मेहताब यांनी केली होती. खर्च अफाट झाला, तिकीटबारीवर मात्र चित्रपट कोसळला. सत्तरच्या दशकात 'अमर चित्र कथा'ने राणीला घराघरांतल्या मुलांच्या हाती दिलं. २००९ पासून दूरचित्रवाणीवर मालिका चालली. २०१९ या एकाच वर्षी 'मणिकर्णिका' आणि स्वाती भिसे यांचा इंग्रजी चित्रपट असे दोन चित्रपट आले. माध्यमं बदलली, कलावंत बदलले, पैसा वाढला. प्रसंग बहुतेक तेच राहिले: बिठूरला तलवार फिरवणारी मनू, गंगाधररावांशी लग्न, तान्ह्या मुलाचा मृत्यू, झाशी न देण्याचे बाणेदार उद्गार, दत्तक मुलाला पाठीशी बांधून तटावरून घोड्यासह उडी आणि ग्वाल्हेरजवळचं वीरमरण. चित्रकथेच्या मोजक्या पानांत हे प्रसंग शोभतात, कारण तिथे तेवढीच जागा असते. पण तीन तासांच्या चित्रपटानेही त्याच चौकटी मोठ्या करून दाखवाव्यात, हे खटकतं.

सुपरमॅनच्या लेखकांपुढे लवकरच एक अडचण उभी राहिली होती. ज्याला गोळी लागत नाही आणि जो डोंगर उचलतो, त्याची काळजी वाचकाला का वाटावी? म्हणून त्याला इजा करू शकणारा क्रिप्टोनाइट हा पदार्थ शोधावा लागला. १९४३ मध्ये तो आधी रेडिओवरच्या मालिकेत आला आणि मग चित्रकथांत. कल्पित अतिमानवाला माणूस करण्यासाठी त्याला कमजोरी द्यावी लागली. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आपण याच्या अगदी उलट वागलो. त्या हाडामांसाच्या होत्या, थकत होत्या, निराश होत होत्या, दुसऱ्यांचा सल्ला घेत होत्या. हे सारं पुसून आपण त्यांना कमजोरी नसलेली वीरांगना केलं. यात त्यांची थोरवी वाढते असं आपल्याला वाटतं. माझं म्हणणं असं की ती घटते. जिला भीती शिवत नाही तिच्या शौर्याचं मोल काय करायचं?

तटावरची उडीच घ्या. झाशीच्या किल्ल्यात त्या उडीची जागा आजही पर्यटकांना दाखवली जाते. त्या उंचीवरून घोड्यासह उडी घेऊन कुणी वाचेल का, हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावर कुणाच्याही मनात येतो. राणी झाशीतून निसटल्या त्या रात्रीची एक हकिकत मराठीत आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक, घरावरचं कर्ज फेडायचं म्हणून १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. इंग्रजांच्या वेढ्याच्या काळात ते झाशीतच होते. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी आठवणी लिहिल्या आणि 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापून आलं. वैद्यांनी त्यात बरेच फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केलं.

गोडसे सांगतात ती गोष्ट उडीपेक्षा फार मोठी आहे. इंग्रज सेनापती ह्यू रोजचं सैन्य एप्रिल १८५८ च्या सुरुवातीला शहरात घुसलं. कत्तल आणि जाळपोळ सुरू झाली. वाड्यावरून जळणारं शहर पाहताना बाईसाहेब खचल्या. आपल्यापायी रयतेवर ही वेळ आली असं वाटून, दारूगोळ्याला बत्ती देऊन स्वतःला संपवण्याचा विचार त्यांनी बोलून दाखवला. तेव्हा एका वृद्ध सरदाराने त्यांची समजूत घातली. आत्मघात करण्यापेक्षा रात्री वेढा फोडून बाहेर पडावं आणि लढत राहावं, हा त्याचा सल्ला त्यांनी मानला. मग दत्तक मुलगा दामोदर याला पाठीशी बांधून, निवडक स्वारांसह, त्या शहराच्या दरवाजातून बाहेर पडल्या आणि काल्पीच्या वाटेला लागल्या.

यातलं खरं शौर्य कुठे आहे? घोडा किती उंचावरून झेपावला यात ते नाही. मरण सोपं वाटत असताना जगण्याचा आणि लढण्याचा अवघड निर्णय घेण्यात ते आहे. आपलं मन मोडलं आहे हे माणसांसमोर कबूल करण्यात आणि म्हाताऱ्या माणसाचं ऐकण्यात ते आहे. हा प्रसंग उडीच्या आड दडून राहिला, म्हणून पिढ्यान् पिढ्यांच्या मुलांपर्यंत राणीचं सर्वांत मोठं धैर्य पोहोचलंच नाही.

झाशी न देण्याच्या प्रसिद्ध उद्गारांचंही तसंच. आपल्या डोळ्यांपुढे ते तटावर, तलवार उपसून म्हटले जातात. हे उद्गार ज्यांनी लिहून ठेवले ते जॉन लँग हे ऑस्ट्रेलियात जन्मलेले वकील. कंपनी सरकारविरुद्ध एका व्यापाऱ्याचा खटला जिंकल्यामुळे त्यांचं नाव झालं होतं. १८५४ मध्ये राणींनी त्यांना सल्ल्यासाठी झाशीला बोलावलं. पडद्याआडून बोलणं झालं. लँगनी सुचवलं की तूर्त निषेध नोंदवून पेन्शन घ्यावं आणि वरपर्यंत दाद मागावी. त्या बैठकीत राणींनी ठामपणे सांगितलं की झाशी सोडणार नाही. म्हणजे ती रणगर्जना नव्हती. आपल्या वकिलाशी बोलणाऱ्या, कागदपत्रं समोर ठेवून बसलेल्या एका अशिलाचा तो निर्धार होता.

आणि कागदपत्रं भक्कम होती. गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ ला वारले. आदल्याच दिवशी इंग्रज अधिकाऱ्यांच्या साक्षीने दत्तकविधान झालं होतं. तरी गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर करून १८५४ मध्ये संस्थान खालसा केलं. जेमतेम पंचविशीतल्या त्या विधवेने आणि तिच्या कारभाऱ्यांनी गव्हर्नर जनरलकडे खलिते पाठवले. त्यांत कंपनीने झाशीशी केलेल्या १८१७ च्या तहाचा आधार होता. दतिया, ओरछा अशा शेजारच्या संस्थानांतले दत्तक सरकारने मान्य केले असल्याचे दाखले होते. उत्तर नकाराचंच आलं. मग महिना पाच हजार रुपयांच्या पेन्शनमधून नवऱ्याचं कर्ज वळतं करण्याचा हट्ट, महालक्ष्मीच्या देवळाच्या गावांची जप्ती, गोहत्येला दिलेली मोकळीक अशा एकेका गोष्टीवर त्यांनी तक्रारी केल्या. जवळजवळ तीन वर्षं ही लढाई शाईने चालली. तलवार उपसण्याआधी त्यांनी कायद्याचा प्रत्येक दरवाजा ठोठावला होता. हा भाग वगळला की राणी केवळ संतापी वाटते आणि इंग्रजांचा अन्यायही धूसर होतो, कारण त्यांनी स्वतःच केलेला करार कसा मोडला हे प्रेक्षकाला कळतच नाही.

त्याहून समृद्ध आहे तो जून १८५७ पासूनचा काळ. झाशीतल्या शिपायांनी बंड केलं. झोकनबागेत इंग्रज पुरुष, बायका आणि मुलांची कत्तल झाली. शिपाई राणींकडून पैसे घेऊन दिल्लीकडे निघून गेले. मागे राहिलं ते धनी नसलेलं शहर. राणींनी सागर विभागाचा कमिशनर अर्स्किन याला जबलपूरला पत्रं लिहून परिस्थिती कळवली आणि नवा अधिकारी येईपर्यंत कारभार पाहण्यास त्याने त्यांना सांगितलं. तेव्हाची राणी बंडाची पुढारी नाही, इंग्रजांची हस्तकही नाही. दोन आगींच्या मध्ये रयत सांभाळणारी ती राज्यकर्ती आहे. तेवढ्यात राणींच्या सासरच्या घराण्यातल्या, खानदेशातल्या पारोळ्याच्या नेवाळकरांपैकी सदाशिवरावांनी करेराचा किल्ला घेऊन स्वतःला झाशीचा राजा जाहीर केलं. राणींनी त्यांना हटवलं. मग ओरछाचा दिवाण नथे खान चालून आला. तोही परतवला. तोफा ओतल्या, टांकसाळ चालवली, न्यायनिवाडे केले. गोडसे लिहितात की कडाक्याच्या थंडीत भिकाऱ्यांचा जमाव पाहून बाईसाहेबांनी त्यांना टोपी, बंडी आणि कांबळं वाटण्याचा हुकूम दिला. किल्ल्यातल्या चैत्राच्या हळदीकुंकवाचं वर्णनही त्यांनी केलं आहे आणि वाड्यातल्या संस्कृत ग्रंथसंग्रहाचंही. पुढे विजयी फौजेने त्या संग्रहाची धूळधाण केली, याचं दुःख त्या भिक्षुकाला माणसांच्या कत्तलीइतकंच झालेलं दिसतं.

हा जवळजवळ दहा महिन्यांचा कारभार म्हणजे पुढच्या चित्रपटाचा गाभा व्हायला हवा. बंडखोर शिपायांना पैसे देताना आणि त्याच दिवसांत इंग्रज कमिशनरला पत्र लिहिताना तिच्या मनात काय चाललं असेल? कोणाचा विजय होईल हे ठाऊक नसताना रोजचे निर्णय कसे घेतले असतील? या प्रश्नांत जे नाट्य आहे ते शंभर तलवारींच्या खणखणाटात नाही. कदाचित म्हणूनच चित्रपट या काळातून घाईने निघून जातात. निश्चित उत्तर नसलेली राणी दाखवायची आपल्याला भीती वाटते.

या भीतीचं एक टोक २००८ मध्ये दिसलं. जयश्री मिश्रा यांच्या 'रानी' या इंग्रजी कादंबरीत एका इंग्रज अधिकाऱ्याबद्दल राणीच्या मनात कोमल भावना रंगवल्या होत्या, म्हणून उत्तर प्रदेश सरकारने तिच्यावर बंदी घातली. त्या कल्पनेला पुरावा नाही आणि मला ती पटत नाही. पण बंदीने राणीची प्रतिष्ठा राखली जाते हेही पटत नाही. इंग्रजांच्या तोफांपुढे न झुकलेल्या बाईला एका पुस्तकापासून वाचवायला सरकार कशाला लागतं?

पुन्हा सांगण्याचं मोलही मी नाकारत नाही. प्रत्येक काळाने आपल्या गरजेची राणी घडवली आणि त्यातून मोठी कामं झाली. १९४३ मध्ये सुभाषचंद्र बोसांनी स्त्रियांची पलटण उभी केली, तेव्हा तिला राणीचं नाव दिलं आणि तिचं नेतृत्व डॉ. लक्ष्मी स्वामीनाथन यांनी केलं. बुंदेलखंडातल्या कोरी समाजाने राणीच्या बाजूने लढलेल्या झलकारीबाईंची स्मृती लोकगीतांत आणि लोककथांत जपली. लिखित इतिहासात त्यांना फार जागा नव्हती. दलित लेखकांनी आणि कार्यकर्त्यांनी ती मिळवून दिली आणि २००१ मध्ये त्यांचं टपाल तिकीट निघालं. 'मणिकर्णिका'त अंकिता लोखंडे यांनी त्यांची भूमिका केली. इथे नव्या कथनाने गाळलेल्या माणसाला परत आणलं. चांगलं पुनर्कथन हेच करतं. तोफखाना सांभाळणारे गुलाम गौस खान, लढलेले अफगाण शिपाई, राणीच्या सख्या, गोडशांसारखा चुकून सापडलेला भिक्षुक, हे सारे अजून आपल्या पाळीची वाट पाहत आहेत.

कल्पित नायकाला कितीही वेळा नव्याने सुरू करता येतं, कारण त्याच्यामागे उत्तर मागणारं कुणी नसतं. लक्ष्मीबाईंच्या मागे कोटा की सराय इथलं जून १८५८ मधलं खरं मरण आहे. इंदूरला वाढलेला आणि १९०६ मध्ये वारलेला दामोदरराव आहे. कत्तल सोसलेलं एक शहर आहे. त्यांची कथा सांगणाऱ्यावर म्हणून जास्त जबाबदारी येते.

ही जबाबदारी मराठी माणसावर अधिक आहे, असं मला मनापासून वाटतं. राणीच्या सासरचे नेवाळकर रत्नागिरीकडचे, माहेरचे तांबे आणि गोडसेही मराठी. राणीला प्रत्यक्ष पाहिलेल्याचं इतकं जिवंत लेखन आपल्या भाषेत आहे. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी राणीचं चरित्र १८९४ मध्येच लिहिलं. शिरवाडकरांनी 'वीज म्हणाली धरतीला' या नाटकातून राणीला रंगभूमीवर उभं केलं. तरीही मोठ्या पडद्यावरच्या राणीला आपण हिंदी आणि इंग्रजीच्याच स्वाधीन केलं. मराठीत एक असा चित्रपट व्हावा जो बिठूरच्या मनूपासून सुरू होणार नाही आणि उडीने टाळ्या घेणार नाही. तो १८५३ च्या दत्तकविधानापासून सुरू व्हावा. त्यात खलिते असावेत, वकील असावा, टांकसाळ असावी, थंडीतली कांबळी असावीत. काल्पीच्या वाटेवरची ती विहीरही असावी, जिथे धुळीने माखलेल्या बाईसाहेबांनी पाणी काढून देऊ पाहणाऱ्या गोडशांना थांबवलं आणि त्या स्वतःच्या हाताने पाणी काढून प्यायल्या.

असा चित्रपट कुणी काढेपर्यंत आपण थांबायचं कारण नाही. 'माझा प्रवास' आजही मिळतं. ते घरात आणावं, मुलांना वाचून दाखवावं. आणि कुणी विचारलं की राणीची सर्वांत मोठी शक्ती कोणती, तर त्यांना सांगावं की ती खचली होती आणि तरीही उठली.