जात्यावर उभे राहिलेले वाचनालय



हिरा गुहेत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर अवतरलेली पहिली आज्ञा वाचनाची होती. बद्रच्या युद्धानंतर मुक्तिधन देऊ न शकणाऱ्या साक्षर कैद्यांना मदीनेतील मुलांना लिहावयास शिकवून सुटका मिळविता आली, असे सीरतग्रंथ सांगतात. अर्थात, ज्ञानासाठी मोल द्यावे लागते.

आपल्या रायगड जिल्ह्यातील गागोदे बुद्रुक या गावी १८९५ साली विनोबा भावे जन्मले. तरुणपणी वाई येथे शिकत असता त्यांनी विद्यार्थी मंडळ स्थापून वाचनालय काढले. त्याच्या मदतीसाठी ते व १५ विद्यार्थी लोकांचे दळण दळू लागले. दोन शेरांस एक पैसा! लोकांनी त्यांना वेड्यात काढले. तरी दळणाचा वर्ग दोन महिने चालला आणि वाचनालयात ४०० पुस्तके झाली. याच विनोबांनी पुढे अरबी शिकून कुरआनचा अभ्यास केला व 'कुराणसार' सिद्ध केले.

आता स्वतःस विचारा: आपल्या घरातील कुरआन जुजदानात, उंच फळीवर आहे. हा आदर योग्यच; परंतु त्याचा अर्थ आपण किती वेळा वाचला? मार्ग विचारणारी आपली मुले मोबाईलकडे वळतात, तो दोष केवळ त्यांचा नव्हे.

मोहल्ल्यात एक कपाट ठेवा. प्रत्येक घराने एक पुस्तक द्यावे. मगरिबनंतर मुलांसोबत एक आयत अर्थासह वाचावी.

अल्लाह आपणांस लाभदायक ज्ञान व त्यानुसार आचरणाची शक्ती देवो. आमीन.