कृति कोणाची?

मागें एका स्नेह्यांच्या घरीं रात्रीं दहाच्या सुमारास जाण्याचा प्रसंग आला. यजमान जमिनीवर बसून पुठ्ठ्याचा पूल जोडीत होते. गृहिणी त्यास रंग देत होत्या. आणि ज्याच्या नांवानें तो पूल दुसऱ्या दिवशीं शाळेंत जावयाचा होता, तो दहा वर्षांचा मुलगा केव्हांच झोंपीं गेला होता. ‘याचा प्रकल्प आहे,’ यजमान किंचित् ओशाळून म्हणाले. त्या ‘याचा’ या शब्दांत नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो त्या एका घरापुरताच नाहीं.

मुलांना एखादें खरेंखुरें काम हातीं घेऊं द्यावें, आणि तें पार पाडतां पाडतां त्यांस गणित, भाषा, विज्ञान यांची जी गरज भासेल ती त्या कामाच्या ओघांतच भागवावी, हें प्रकल्पपद्धतीचें मर्म होय. जॉन ड्यूई यांनीं १८९६ सालीं शिकागो विद्यापीठांत जी प्रायोगिक शाळा काढली, तींत या विचाराची चांगली कसोटी लागली. पुढें १९१८ सालीं विल्यम किलपॅट्रिक यांनीं एका निबंधांत त्यास पद्धतीचें रूप देऊन तिचें नांव सर्वत्र रूढ केलें. ड्यूई यांनीं वर्णिलेला एक प्रसंग फार बोधप्रद आहे. मुलांच्या एका गटानें अर्धा तास बसून बोंडांतील कापूस हातांनीं सरकीपासून वेगळा केला. हातीं आलेली रुई एक औंस, म्हणजे सुमारें अडीच तोळेही, भरली नाहीं. लोंकरीच्या मानानें कापसाचा धंदा मागें कां राहिला, हें मग त्यांना कोणीं पढवावें लागलें नाहीं. आपल्याकडे १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्धा येथें गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें मूलोद्योगाची योजना आखली; तींतही कापूस व टकळी होतीच. वर्ध्याचा उत्पादनावर जो भर होता तो शिकागोस नव्हता. तथापि हाताच्या द्वारें बुद्धीस जागें करावें, हें दोहींचें सूत्र एकच.

या पद्धतीनें विषय चांगला स्मरणांत राहतो, उत्साह वाढतो, चारचौघांत मिळून वागण्याची संवय लागते, असे लाभ सामान्यतः सांगितले जातात. ते खरेच आहेत. परंतु तिचा श्रेष्ठ लाभ माझ्या मतें नैतिक आहे. अर्थ न कळतांही उत्तर लिहितां येतें, आणि त्यास गुणही मिळतात. पुठ्ठ्याचा पूल मात्र वजनाखालीं वांकतो तेव्हां तो कोणाची भीड धरीत नाहीं. त्याचा निवाडा कठोर असतो, पण त्यांत राग नसतो आणि पक्षपातही नसतो. आपल्याला वाटतें तें एक व असतें तें दुसरें, हें अंतर मुलाला येथें प्रथम दिसतें. आणि सत्यनिष्ठेचा आरंभ याच जाणिवेंत आहे. शिवाय ज्या हातांनीं अर्धा तास सरकी काढली, त्यांस अंगावरील सदऱ्यामागील परक्याचे श्रम ओळखूं येतात.

सर्वच ज्ञान या वाटेनें येत नाहीं, हा आक्षेप मान्य केला पाहिजे. पाढे पाठच करावे लागतात. आणि प्रत्येक अनुभव शिक्षण देतोच असें नाहीं, हा इशारा खुद्द ड्यूई यांनींच १९३८ सालीं दिला होता. परंतु २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें अनुभवाधिष्ठित शिक्षणाचा पुरस्कार केल्यावर या पद्धतीस खरें भय आहे तें तुम्हांआम्हां सुशिक्षित आईबापांचें. आपण मुलाचें काम करितों तें प्रेमापोटीं. पण त्यानें दुहेरी अन्याय घडतो. आपल्या मुलाची चूक आपण हिरावून घेतों, आणि चुकीबरोबर शिकण्याची संधीही. दुसरा अन्याय याहून वाईट. त्याच वर्गांत एखादें मूल असें असतें कीं, ज्याच्या घरीं साह्यास कोणी मोकळें नसतें. त्यानें स्वतः केलेला वांकडा पूल आपल्या सफाईदार पुलाशेजारीं ओशाळवाणा दिसतो. जें प्रामाणिकपणें केलें तें लपवावें व जें दुसऱ्यानें केलें तें मिरवावें, असा धडा मग दोन्ही मुलें शाळेंतून घरीं नेतात.

याला उपाय कठीण नाहीं. मन मात्र घट्ट करावें लागतें. आपण मुलाजवळ बसावें, विचारल्यास सांगावें, पण कात्री त्याच्याच हातीं असूं द्यावी. शिक्षकांनींही रंगरूप न पाहतां, ‘हें असें कां केलेंस?’ एवढें मुलास विचारावें. पूल कोसळला तर कोसळूं द्यावा. तो कोणत्या बाजूनें आधीं खचला, हें ज्या मुलाला सांगतां येईल, त्याचा प्रकल्प पुरा झाला असें खुशाल समजावें.