तंगीतल्या ऋणकोला सवड



सूरह अल-बकरामध्ये व्याजाच्या निषेधानंतर लगेचच, २८०व्या आयतीत, अल्लाहची एक आज्ञा आली आहे. ऋणको तंगीत असेल तर त्याचा हात सैल होईपर्यंत त्याला सवड द्यावी. आणि ऋण माफच केले तर ते धनकोच्याच अधिक हिताचे आहे, असा तिचा आशय. ही आयत आपण बहुधा दोन माणसांमधील व्यवहारापुरती वाचतो. आजच्या जगाकडे पाहिले की तिची व्याप्ती ध्यानात येते.

२०२० मध्ये कोरोनाच्या साथीने व्यापार आणि पर्यटन थंडावले. साथ ओसरते न ओसरते तोच फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. दोन्ही देश गव्हाचे मोठे निर्यातदार. रशिया तर तेलाचाही. भाकरी आणि इंधन एकदमच महागले. महागाई रोखण्यासाठी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२२ पासून व्याजदर चढवले. शून्याजवळचा दर जुलै २०२३ पर्यंत पाच टक्क्यांच्या वर गेला. डॉलर वधारला आणि डॉलरमध्ये कर्ज घेतलेल्या गरीब देशांचे जुनेच ओझे अधिक जड झाले.

एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परकीय कर्जाची फेड थांबवल्याचे जाहीर केले. राज्यकर्त्यांचा दोष होताच : २०१९ मधील मोठी करकपात, २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी घातलेली बंदी. परंतु इंधनासाठी रांगेत उभा राहिला तो रिक्षाचालक आणि औषधाला मुकला तो रुग्ण. निर्णय एकाचा, भोग दुसऱ्याचा. जुलूम म्हणतात तो याहून वेगळा कोणता?

आफ्रिकेतील झांबियाची कहाणी आणखी बोलकी आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये त्या देशाचा हप्ता थकला. पूर्वी धनको म्हणजे प्रामुख्याने पाश्चात्त्य सरकारे आणि त्यांच्या संस्था. आता चीन हा मोठा धनको झाला होता आणि खासगी रोखेधारकही होते. सत्तेचे केंद्र सरकले, पण धनकोची वृत्ती सरकली नाही. आधी कोणी किती सोडायचे, यावर घासाघीस चालली. सरकारी धनकोंशी समझोता व्हायला जून २०२३ उजाडला, रोखेधारकांशी २०२४. त्याच वर्षी त्या देशावर भीषण दुष्काळ कोसळला.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ मध्ये सांगितले की जगातील ३३० कोटी लोक अशा देशांत राहतात, जेथे आरोग्यावर किंवा शिक्षणावर होणाऱ्या खर्चापेक्षा व्याजावरचा खर्च अधिक आहे. व्याज इतके कठोर शब्दांत निषिद्ध का ठरले, याचे उत्तर या एका वाक्यात आहे.

वाचकहो, महासत्तांना उपदेश करणे सोपे आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मात्र अखेरच्या हजच्या प्रवचनात अज्ञानकाळातील सर्व व्याज रद्द केले, तेव्हा सर्वप्रथम आपले चुलते हजरत अब्बास (रजि.) यांचे येणे व्याज रद्द केले. न्यायाचा आरंभ त्यांनी स्वतःच्या घरापासून केला.

म्हणून आपलीही वही उघडा. तीत कुणा विधवेची उधारी आहे का? ज्याची नोकरी सुटली, त्या भावाला आपण चारचौघांत तगादा लावला का? आणि आपणच ऋणको असू, हाती पैसा असूनही टाळाटाळ करत असू, तर लक्षात असू द्या, सधनाच्या टाळाटाळीला प्रेषितांनी (स.) जुलूम म्हटले आहे. सवड तंगीतल्याची आहे, चुकाराची नव्हे.

तंगीतल्याला जो सवड देईल, त्याला अल्लाह आपल्या छायेत घेईल, ही शुभवार्ता हदीसमध्ये आहे. देशांचे करार आपल्या हाती नाहीत. आपली वही आपल्या हाती आहे, आणि कयामतच्या दिवशी विचारणा तिचीच होणार आहे.

हे अल्लाह, आम्हाला ऋणाच्या ओझ्यापासून वाचव, आणि ज्यांचे ओझे आमच्या हाती आहे त्यांच्याशी नरमाईने वागण्याची सद्बुद्धी दे. आमीन.