तपकिरीच्या डबीचा दोष

व्यसन वाईट असेल, तर ते ज्या सुंदर भांड्यातून केले जाते त्या भांड्याला दोष लागतो का? चीनमध्ये छिंग राजवटीत तपकिरीसाठी मुठीत मावतील अशा चिनी मातीच्या कुप्या घडवल्या गेल्या. अंगावर फुलेपाखरे, बुचालाच चिमुकला चमचा जोडलेला. आपल्याकडे तंबाखूला तशीच शोभा दिली बिदरी हुक्क्याने. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे लातूरचे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते, त्यामुळे बिदरची ही कला मराठवाड्याला परकी नाही. जस्तात थोडे तांबे घालून ओतलेल्या भांड्यावर कारागीर छिन्नीने वेलबुट्टी कोरतो, खाचांत चांदीची तार ठोकून बसवतो. मग बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या लेपाने धातू काळाकुट्ट होतो, चांदी तेवढी शुभ्र राहते.

याच मुलखात, नांदेडला, १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला. त्यांच्या खालसा पंथाच्या चार मोठ्या निषिद्धांत तंबाखू येते, मग ती ओढा, चघळा की हुंगा. भांडे चांदीचे की पत्र्याचे, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. आपला समाज मात्र आधी भांडे पाहतो. खेड्यातली बाई पत्र्याच्या डबीतली मिसरी दातांना लावते, तिला आपण व्यसनी म्हणतो. नवाबाचा हुक्का काचेच्या कपाटात ठेवून त्याला वारसा म्हणतो. तंबाखू दोन्हीकडे तंबाखूच. नक्षी आपल्या न्यायाच्या तराजूत हळूच वजन टाकते, आणि माझ्या मते भांड्याचा दोष आहे तो हाच.

यावर कोणी म्हणेल, वस्तू जड आहे, संकल्प माणसाचा. सुरीला कोणी पापी ठरवत नाही. पण सुरीने भाजीही चिरतात. हुक्का एकाच कामासाठी घडला आणि ते काम प्रतिष्ठेचे दिसावे म्हणूनच मढवला गेला. याहून अवघड आक्षेप नांदेडमध्येच समोर येतो. तिथल्या तख्त सचखंड गुरुद्वाऱ्यात गुरूंची शस्त्रे भक्तिभावाने जपली जातात. जीव घेणारी वस्तू पूज्य आणि धूर देणारी त्याज्य, हे कसे? मला यात विसंगती दिसत नाही. खालसाची तलवार दुबळ्याच्या रक्षणासाठी आहे आणि ती धरणाऱ्याला स्वतःवर ताबा ठेवावा लागतो. व्यसन नेमका तोच ताबा हिरावून घेते. वस्तू धरणाऱ्याचे काय करते, ही कसोटी लावली की दोन्ही निर्णय एकाच तत्त्वातून निघतात.

कारागिराला मात्र या दोषातून मोकळे केलेच पाहिजे. हुक्का मागे पडला तरी बिदरी टिकली. आज तेच हात फुलदाण्या आणि दागिन्यांच्या पेट्या घडवतात. या सौंदर्याला जगण्यासाठी तंबाखू लागत नव्हती. तंबाखूलाच मान मिळवण्यासाठी हे सौंदर्य हवे होते. म्हणून हे हुक्के जरूर जपावेत, डोळे भरून पाहावेत. संग्रहालयांनी त्यांच्याखाली धातू आणि शतक लिहिताना तंबाखूचे नावही लिहावे, आणि शेजारी मिसरीची एक साधी पत्र्याची डबी ठेवावी.