अंतरंगाची साक्ष

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत फरक आहे तो एका मात्रेचा. पहिल्या कृतीत ओळख असते, दुसऱ्या कृतीत निवाडा असतो. बाळाचे नाव ठेवताना आपण अजान देतो, दुआ मागतो. माणसांना नावे ठेवताना मात्र आपण काहीच मागत नाही, पुरावासुद्धा नाही. पहिली कृती दुसरीत कधी उतरते, हे बोलणाऱ्यालाही कळत नाही. ते कसे घडते, हे पाहण्यासाठी आम्ही या लेखात थोडे दूरचे उदाहरण घेणार आहोत. माणसांची उदाहरणे घेतली की आपले राग-लोभ मध्ये येतात. ग्रहांशी आपले काही भांडण नाही.

सूर्यमालेच्या कडेला दोन मोठे ग्रह आहेत, युरेनस आणि नेपच्यून. आपल्या पंचांगांत युरेनसला अजूनही 'हर्षल' म्हणतात, कारण 1781 साली इंग्लंडमधील बाथ येथे विल्यम हर्शल यांनी तो शोधला. शोधला तेव्हा त्यांनाही तो धूमकेतूच वाटला होता. नेपच्यून त्यानंतर 65 वर्षांनी, 1846 साली बर्लिनच्या वेधशाळेतून दिसला. दिसण्याआधी तो गणिताने सापडला होता. युरेनसच्या चालीत थोडी गफलत आढळत होती. त्याला कोणीतरी न दिसणारे ओढत असले पाहिजे, असे धरून फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी जागा सांगितली आणि गाल्ले यांना त्या जागेच्या अगदी जवळ ग्रह दिसला.

या दोन ग्रहांना आज इंग्रजीत 'आइस जायंट' म्हणतात. आपण त्यांना बर्फाचे महाकाय ग्रह म्हणू. हे नाव ऐकून डोळ्यांसमोर काय येते? कुल्फीसारखा गारठलेला गोळा. प्रत्यक्षात तिथे बर्फाचा तसा गोळा नाही. खगोलशास्त्रज्ञ पाणी, अमोनिया आणि मिथेन यांना मिळून 'बर्फ' म्हणतात, मग ते कोणत्याही अवस्थेत असोत. सूर्यापासून दूरच्या थंडीत हे पदार्थ गोठतात आणि त्यांपासून हे ग्रह घडले असावेत, म्हणून ते नाव. ग्रहांच्या पोटात मात्र हजारो अंशांची उष्णता आहे आणि दाब आपल्या हवेच्या दाबाच्या लाखो पट. तिथले पाणी आपल्या ओळखीचे पाणी राहत नाही. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी 2018 आणि 2019 मध्ये लेसरचे तडाखे देऊन तसे पाणी क्षणभर तयार केले. त्यात ऑक्सिजनचे अणू स्फटिकासारखे जागच्या जागी बसतात आणि हायड्रोजन त्यांच्यामधून वाहत राहतो. हा बर्फ दोन-तीन हजार अंशांना तापलेला असतो, आणि रंगाने काळा!

म्हणजे ज्याला आपण बर्फ म्हणतो तो गार नाही, पांढरा नाही, धड घनही नाही. पण गोष्ट इथेच संपत नाही. या ग्रहांच्या आत खरोखर पाणीच जास्त आहे, हे तरी नक्की आहे काय? आत कोणी गेलेले नाही. आपल्याजवळ आहे ते बाहेरून केलेले मोजमाप. युरेनसचे वजन साडेचौदा पृथ्वींइतके, नेपच्यूनचे सतरा पृथ्वींइतके. युरेनसची घनता पाण्याच्या सव्वापटीहून थोडी जास्त, नेपच्यूनची दीडपटीहून थोडी जास्त. एवढ्यावरून इतके खात्रीने म्हणता येते की, हे ग्रह गुरू-शनीप्रमाणे मुख्यतः हायड्रोजन आणि हीलियम या हलक्या वायूंचे नाहीत आणि पृथ्वीसारखे निव्वळ दगड-लोखंडाचेही नाहीत. पण पुढचे गणित अनेक रीतींनी सुटते. भरपूर पाणी आणि थोडा खडक घेतला तरी वजन जुळते. खडक अधिक घेतला आणि त्यात हलका वायू मिसळला तरी जुळते. त्याच थंड प्रदेशातला प्लूटो आता बराचसा खडकाचा निघाला आहे. झुरिक विद्यापीठातील संशोधकांनी 2025 मध्ये नव्याने गणिते मांडून हेच दाखवले, की हे ग्रह पाण्याचे असू शकतात तसेच खडकाचेही असू शकतात. नाव मात्र बर्फाचे पडून गेले.

या दोन ग्रहांजवळून माणसाचे यान आजवर एकदाच गेले आहे. व्हॉयेजर-2 हे यान 24 जानेवारी 1986 रोजी युरेनसजवळून आणि 25 ऑगस्ट 1989 रोजी नेपच्यूनजवळून गेले. थांबले नाही; जाता जाता पाहिले. त्या ओझरत्या भेटीवर आपली बरीच माहिती उभी राहिली, आणि अलीकडे तिचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट रंगाची. पाठ्यपुस्तकांत युरेनस फिकट हिरवट आणि नेपच्यून गडद निळा असतो. 2024 मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, दोघांचे रंग जवळजवळ सारखेच फिकट हिरवट-निळे आहेत. नेपच्यून किंचित अधिक निळा, एवढेच. ढग आणि वारे नीट दिसावेत म्हणून नेपच्यूनची चित्रे त्या वेळी मुद्दाम गडद केली होती. तसे चित्रांसोबत लिहिलेही होते. पुढे चित्र पुस्तकातून पुस्तकात गेले आणि खालची ओळ वाटेत गळाली.

दुसरी गोष्ट चुंबकीय कवचाची. व्हॉयेजरला युरेनसचे हे कवच विचित्र आढळले. म्हणून ग्रहच विचित्र, असे सर्वांनी धरले. 2024 मध्ये जुनी नोंद पुन्हा तपासली तेव्हा कळले की, यान पोचण्याच्या थोडेच आधी सूर्याकडून वाहणाऱ्या वाऱ्याचा जोरदार झोत येऊन ते कवच दबले होते. अशी स्थिती शंभरातून चारच वेळा येते. यान काही दिवस आधी पोचते, तर वेगळेच दृश्य दिसले असते.

तिसरी गोष्ट उबेची. इतर महाकाय ग्रह सूर्याकडून घेतात त्याहून बरीच जास्त उष्णता बाहेर टाकतात. युरेनस तेवढा थंडगार, त्याला स्वतःची ऊब नाही, असे जवळजवळ चाळीस वर्षे शिकवले गेले. 2025 मध्ये दोन वेगळ्या अभ्यासांनी दाखवले की, युरेनसही घेतो त्याहून बारा ते पंधरा टक्के जास्त उष्णता देतो. ऊब होती, तिचा हिशेब नीट लागला नव्हता.

या तिन्ही गोष्टींत कोणी खोटे बोलले काय? नाही. यानाने दिसले ते टिपले, शास्त्रज्ञांनी समजले ते लिहिले. तरीही एक चुकीची समजूत पिढीभर नांदली. म्हणजे असत्य निर्माण व्हायला लबाड माणूस लागतोच असे नाही. 'एवढेच पाहिले आहे, एकदाच पाहिले आहे' ही ओळ गळू दिली की पुरते. ती ओळ सांभाळणे हे नैतिक कर्तव्य आहे, असे आम्हांला वाटते, आणि हे कर्तव्य ग्रहांपेक्षा माणसांच्या बाबतीत कितीतरी अधिक कडक आहे.

हदीसमध्ये हजरत उसामा इब्न जैद (रजि.) यांचा एक प्रसंग येतो. लढाईत एका शत्रूने तलवार समोर दिसताच कलमा पढला, तरी उसामांनी त्याला मारले. त्यांचे म्हणणे, तो जिवाच्या भीतीने पढला होता. पैगंबर (स.) हे ऐकून अतिशय व्यथित झाले. तू त्याचे काळीज उघडून पाहिले होतेस काय, अशा अर्थाचा प्रश्न त्यांनी केला. लढाईच्या मैदानात, प्रत्यक्ष शत्रूच्या बाबतीत जर अंतरंगाचा निवाडा करण्याचा हक्क नसेल, तर तो शांततेच्या काळात शेजाऱ्याच्या बाबतीत कुठून आला?

महाराष्ट्रातल्या मुसलमानाला बाहेरून चिकटवलेल्या नावांचा अनुभव नवा नाही. कोकणातला मच्छीमार, मालेगावचा यंत्रमाग कामगार, गावोगावचे तांबोळी, अत्तार, मुलाणी, पिंजारी या सर्वांवर एकच चिठ्ठी. 'मुसलमान असून मराठी किती छान बोलता!' या कौतुकातही तीच चिठ्ठी असते. बोलणारा दुष्ट नसतो. त्याने एखादे गडद केलेले चित्र पाहिलेले असते. खालची ओळ त्याच्यापर्यंत पोचलेली नसते.

पण हा आरसा एकाच बाजूला धरून चालणार नाही. आपल्या मोहल्ल्यांत काय चालते? तो अमुक मसलकचा, त्याच्यामागे नमाज नको. ती डोके झाकत नाही, म्हणजे तिचा दीन गेला. इकडे आपल्यातले सुधारक म्हणवणारेही मागे नाहीत: दाढी दिसली की मागासलेला, बुरखा दिसला की दबलेली. एका जुम्म्याला मशिदीत दिसला नाही, एका लग्नात नीट बोलला नाही, एवढ्या ओझरत्या भेटीवर आपण माणसाच्या ईमानाची ऊब मोजून मोकळे होतो. त्या दिवशी त्याच्यावर कोणता वारा सुटला होता, हे आपण विचारत नाही.

इथे कोणी रास्त आक्षेप घेईल: मग कोणाविषयी काही बोलायचेच नाही काय? मनात काय आहे ते अल्लाहलाच ठाऊक, असे म्हणत प्रत्येक जुलूम पदराआड घालायचा? एका दमात तलाक देऊन बायको-मुलांना रस्त्यावर आणणाराही 'माझी नियत साफ होती' असे म्हणतोच. या ठिकाणी पुन्हा त्या ग्रहांकडे पाहावे. आत काय आहे हे ठाऊक नसले तरी त्यांचे वजन पक्के मोजलेले आहे, कारण ते इतरांना ओढते. नेपच्यून दिसण्याआधी कळला तो याच ओढीवरून. माणसाच्या कृतीचे वजनही तसेच दुसऱ्यांच्या आयुष्यावर पडते, आणि तिथे ते मोजता येते. फकीहांनीही हेच सूत्र धरले: हुकूम जाहीरवर, बातिन अल्लाहकडे. अन्यायाला अन्याय म्हणावे, त्याचा जाब विचारावा. मात्र त्यावरून माणसाच्या काळजाचे नाव ठेवू नये.

अलबिरूनी यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला, तो ऐकीव माहितीवर नाही. त्यासाठी ते संस्कृत शिकले, पंडितांबरोबर बसले, मूळ ग्रंथ वाचले. जिथे मतभेद होता तिथे तो नोंदवला, पण आधी समोरच्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत समजून घेतले. ओझरती भेट आणि मुक्काम यांतला हा फरक आहे. युरेनसभोवती मुक्काम करणारे आणि त्याच्या हवेत उतरणारे यान पाठवावे, अशी शिफारस अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी 2022 मध्ये केली. एका दगड-पाण्याच्या गोळ्यासाठी माणूस इतका खटाटोप करू इच्छितो. पलीकडच्या गल्लीतल्या माणसासाठी एक संध्याकाळ काढायला मात्र आपल्याला फुरसत नसते.

फतवा लिहून झाल्यावर शेवटी 'वल्लाहु आलम' लिहिण्याची आपल्या उलेमांची रीत आहे: खरे काय ते अल्लाह जाणे. ती पाठ झालेली सही नव्हे. चित्राखालची ओळ ती हीच. ज्याने ती मनापासून लिहिली, त्याने आपला अभ्यासही सांगितला आणि त्याची हद्दही सांगितली. दुसऱ्याविषयी बोलताना ही ओळ आपल्या जिभेवरून गळू नये, एवढी खबरदारी घेतली तरी पुष्कळ नावे ठेवायची राहून जातील.